जुन्या गाडीत नवा टेप बसवताना

मामांची गाडी मारुती ८००, २००४ ची, एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरची. दोनदा पासिंग झालेली, तरी रोज सकाळी दुधाळीतून मार्केट यार्डला जाऊन येते. तिच्या डॅशबोर्डात कॅसेटचा टेप होता आणि त्यात एक भजनाची कॅसेट अडकलेली, ती काही केल्या बाहेर यायची नाही. मामांची मागणी अगदी थोडकी: "पेनड्राइव्ह लागला पाहिजे आणि सकाळी आकाशवाणी लागली पाहिजे. बास."

कॅसेट गेली तरी आपल्याकडं शब्द टेपच राहिलाय, तेव्हा मीही इथं टेपच म्हणणार.

दुकानातला पोरगा नवा टेप वीस मिनिटांत बसवून देतो. नव्या गाडीत ते जमतं, कारण तिथं कपलरला, म्हणजे वायरींच्या प्लगला, कपलर लागतो. वीस वर्षांच्या गाडीत तुमच्या आधी तीन-चार हात डॅशबोर्डमागं जाऊन आलेले असतात. कुणी कपलर कापलेला, कुणी रिव्हर्स हॉर्न जोडलेला, कुणी लाल संपली म्हणून निळी वायर वापरलेली. मला मामांच्या गाडीला अख्खा रविवार लागला. त्यातला टेप बसवायचा वेळ अर्धा तास, बाकी सगळा वायरी ओळखण्यात गेला. तुम्हीही वेळेचा हिशेब तसाच धरा.

टेप घ्यायच्या आधी

पट्टी घेऊन खाचा मोजा. जुन्या गाड्यांत बहुतेक सिंगल डिन असतं, म्हणजे तोंड साधारण १८० मिमी रुंद आणि ५० मिमी उंच. डबल डिनची रुंदी तीच, उंची १०० मिमी. डिन हे जर्मनीच्या मानक संस्थेचं नाव, तिथून ते माप जगभर गेलं. खोलीही मोजा, ते बरेच जण विसरतात. सीडीवाला टेप मागं लांब असतो. नुसता यूएसबी-ब्लूटूथवाला बराच आखूड असतो आणि मागं वायरी कोंबायला जागा मिळते. जुन्या गाडीला मी डोळे झाकून आखूडच घेतो.

मोठ्या स्क्रीनसाठी डॅशबोर्ड कापू नका. वीस उन्हाळे खाल्लेलं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं आणि तो डॅशबोर्ड परत मिळत नाही. तुमच्या मॉडेलची डबल डिनची तयार फ्रेम मिळाली तर गोष्ट वेगळी.

खोक्यावरच्या '५० वॅट गुणिले ४' वर जाऊ नका. गाडी चालू असताना टेपला जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात मिळणारी ताकद गणितानं २६ वॅटच्या पुढं जातच नाही. ५० चा आकडा येतो तो आवाज पार फाटून लहर चौकोनी झाल्यावर. खात्री करायची तर टेपच्या पाठीमागचा फ्यूज बघा. तो बहुधा १० अँपिअरचा असतो. १० गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॅट. आत १४४ जातात आणि बाहेर २०० येतात, असं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा, तो बारीक अक्षरात कुठंतरी असतो.

हत्यारं

स्क्रू ड्रायव्हर, १० चा पाना, पक्कड, वायर सोलायचा कटर, २५ वॅटचा सोल्डरिंग गन, कथील, तापवल्यावर आवळणाऱ्या हीटश्रिंक नळ्या, केबल टाय. शिवाय तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर, १.५ व्होल्टचा एक साधा सेल आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी डकवून. शेवटच्या तीन वस्तू नसतील तर काम सुरूच करू नका. बाकीचं शेजारून मागता येतं. काळी चिकटपट्टी यादीत मुद्दाम घेतलेली नाही, कारण पुढं येईल.

जुना टेप काढणं

चावी काढा, बॉनेट उघडा, बॅटरीची मायनस आधी सोडवा. मायनसच का? मायनस जोडलेली असताना प्लसचा नट सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो आणि पाना बॅटरीला चिकटून लाल होतो. मायनस आधी सुटली की प्लसचा पाना कुठंही टेकला तरी काही होत नाही. जोडताना उलटं: प्लस आधी, मायनस शेवटी.

टेपभोवतीची प्लॅस्टिकची चौकट बोटांनी ओढून काढा. आत पत्र्याचा पिंजरा असतो आणि त्याच्या कडेच्या जिभा वाकवून तो डॅशबोर्डात अडकवलेला असतो. दोन्ही बाजूंच्या फटीत टेपसोबतच्या पट्ट्या सारल्या की आतला खटका सुटतो आणि टेप पुढं येतो. पट्ट्या नसतील तर जुन्या हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे चालतात. टेप हलला पण बाहेर येत नसेल तर ओढाताण करू नका. पाठीमागं एक बोल्ट पट्टीला बांधलेला असतो, तो ग्लव्ह बॉक्स काढून हातानं चाचपा.

काहीही सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. एक लांबून, तीन जवळून.

मामांच्या गाडीत टेप बाहेर आला तो वायरींचा गुंता घेऊनच. दारात चहा घेऊन उभे असलेले मामा म्हणाले, "हे काय लगा, गाडीचा पार कोथळा बाहेर काढलास की!"

वायरी ओळखणं

नव्या टेपच्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखेच असतात:

पिवळी: कायमचे १२ व्होल्ट, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला
लाल: चावी एसीसीवर (इंजिन बंद, पण टेप चालतो तो टप्पा) आल्यावर १२ व्होल्ट
काळी: अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी मायनस
नारंगी-पांढरी: पार्किंग लाइट लावल्यावर टेपचा उजेड मंद करायला
निळी: मोटरवाली एरियल
निळी-पांढरी: अॅम्प्लिफायर चालू करायचा इशारा
पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, राखाडी जोडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली ती मायनस.

हे रंग टेपचे आहेत, गाडीचे नव्हेत. गाडीकडची वायर कुठल्याही रंगाची असो, मीटर सांगेल तेच खरं. जोडणीत उलटपालट झालेल्या बहुतेक गाड्यांत पिवळीला पिवळी आणि काळीला काळी रंग बघून जोडलेली सापडते.

बॅटरीची मायनस परत जोडा. सगळी उघडी टोकं एकमेकांपासून लांब ठेवा. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळा प्रोब बॉडीच्या स्वच्छ धातूवर. आता लाल प्रोब एकेका टोकाला लावा. चावी काढलेली असतानाही १२ च्या वर दाखवलं तर ती कायमची. चावी एसीसीवर नेल्यावरच आलं तर ती एसीसीची. पार्किंग लाइट लावल्यावर आलं तर उजेडाची. सापडली की लगेच कागदी चिकटपट्टीवर नाव लिहून वायरीला गुंडाळा. "लक्षात राहतंय" असं वाटतं, पण राहत नाही.

नुसत्या मीटरवर विसंबू नका, इथं २१ वॅटचा बल्ब लागतो. मामांची गाडी २०१९ च्या महापुरात अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होती. कायमच्या वायरीवर मीटरनं १२.४ दाखवले. मी खूश. सहज म्हणून त्याच वायरीला आणि बॉडीला बल्ब जोडला, तर तो मेणबत्तीसारखा पिवळट पेटला आणि मीटर घसरून ७ वर आलं. मीटरला करंट जवळपास लागतच नाही, त्यामुळं गंजलेल्या जोडातूनही त्याला व्होल्टेज दिसतं. बल्बनं पावणेदोन अँपिअर मागितले आणि जोड उघडा पडला. पायाजवळच्या पॅनलमागं एक कपलर होता. उघडला तर आतल्या पिना हिरव्यागार, त्यांच्या मुळाशी वाळलेला गाळ. बारीक पॉलिश पेपर, काँटॅक्ट क्लीनर, मग परत बल्ब. आता तो पांढराशुभ्र पेटला आणि मीटर १२.२ वर थांबलं. हे न करता टेप बसवला असता तर आवाज वाढवला की टेप बंद पडला असता आणि दोष टेपला लागला असता. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजलेली गाडी कुणी स्वस्तात घेतली असेल, तर त्यानं खालचे सगळे कपलर उघडून बघावेत.

काळीसाठीही हाच बल्ब वापरा. एक टोक पक्क्या प्लसला, दुसरं तुम्ही निवडलेल्या अर्थच्या वायरीला. मंद पेटला तर ती अर्थ सोडा आणि नवीन करा: डॅशबोर्डमागं बॉडीचा बोल्ट शोधा, खालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, वायरीला रिंग टर्मिनल दाबून तिथं आवळा. स्क्रू प्लॅस्टिकच्या चौकटीत गेला आणि ती अर्थ म्हणून जोडली, असंही मी पाहिलंय.

गाडीत एअरबॅग असेल तर पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि पिवळे कपलर यांना मीटरसुद्धा लावायचं नाही. ८०० मध्ये तो प्रश्नच नाही.

स्पीकरच्या वायरी, आणि माझा जळालेला टेप

माझी पहिली गाडी जुनी झेन. तिच्यात मी बसवलेला पहिला टेप चार मिनिटं चालला. पहिलं गाणं अर्धं झालं, आवाज गेला, पाठीमागून गरम प्लॅस्टिकचा वास आला. लक्ष्मीपुरीत एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडं नेला. त्यांनी झाकण काढून जळालेली आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, दाखवली आणि एवढंच विचारलं, "स्पीकरची मायनस बॉडीला लावलीस काय?"

मी लावली नव्हती. आधीच्या वायरमननं लावून ठेवली होती.

जुन्या कॅसेट टेपांत स्पीकरची एक वायर टेपमधून यायची आणि दुसरी सरळ बॉडीला जोडली तरी चालायचं. वायर वाचवायला सगळे तसंच करायचे. नव्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांमागं वेगवेगळा अॅम्प्लिफायर असतो आणि आवाज नसतानाही दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट असतात. दोन्हीकडं सारखेच, म्हणून स्पीकरला ते कळत नाहीत. त्यातली एक बॉडीला टेकली की ते व्होल्ट आयसीतून थेट जमिनीला जातात. चांगला टेप प्रोटेक्ट दाखवून थांबतो. स्वस्तातला आयसी घालवतो. दोन स्पीकरच्या मायनस एकत्र बांधणं हेही तितकंच वाईट.

म्हणून टेप न जोडता, स्पीकरकडं जाणाऱ्या प्रत्येक जोडीवर तीन गोष्टी बघा.

मीटर ओहमवर ठेवून जोडीच्या दोन टोकांत मोजा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ४ दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर वायर तुटलीय किंवा कॉइल गेलीय. दीडच्या आसपास आलं तर कुणीतरी एका जोडीवर दोन स्पीकर टाकलेत, ते सोडवा.

मग दोन्ही टोकांपासून बॉडीपर्यंत मोजा. इथं काहीही दाखवायला नको. दाखवलं तर ती वायर कुठंतरी बॉडीला जोडलीय किंवा दरवाजाच्या बिजागरीपाशी घासून टेकलीय. ती शोधत बसण्यापेक्षा स्पीकरपासून टेपपर्यंत नवीन जोडी ओढा. मामांच्या गाडीत मागच्या ट्रेवरच्या दोन्ही ओव्हल स्पीकरना मिळून तीनच वायरी होत्या, आणि तिसरी डिक्कीत स्क्रूनं बॉडीला पक्की. मी दोन्ही बाजूंच्या नव्या जोड्या दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून नेल्या. तास गेला.

तिसरी गोष्ट प्लस-मायनस. १.५ व्होल्टचा सेल जोडीला क्षणभर टेकवा. 'टक' आवाज येतो, त्यावरून कुठली जोडी कुठल्या स्पीकरची ते कळतं. दुसऱ्या माणसाला कोनाकडं बघायला सांगा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या वायरीवर होतं ती स्पीकरची प्लस. आत गेला तर उलटं. एक स्पीकर उलटा लागला तर काही जळत नाही, पण एक पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो आणि ढोलकीचा ठेका पातळ होतो. लोक मग वुफर आणायला धावतात.

दरवाजात नवीन स्पीकर बसवत असाल तर आतल्या पत्र्यावरचा प्लॅस्टिकचा पडदा फाडू नका. आपल्याकडच्या पावसात काचेवरून दरवाजात पाणी उतरतंच, ते या पडद्यानं अडतं. वायर रबराच्या नळीतूनच न्या आणि आत थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे थेंब स्पीकरपर्यंत न पोचता तिथून गळतो.

जोड कसा मारायचा

गाडीचा मूळ कपलर शाबूत असेल तर त्याचं कन्व्हर्टर कपलर मिळतं. ते घ्या आणि गाडीकडची एकही वायर कापू नका. कापून झालेलं असेल तर जोड मारावा लागतो.

बॅटरीची मायनस परत सोडवा. दोन्ही टोकं दीड सेंटिमीटर सोला. हीटश्रिंकची नळी आधी वायरीत सारा, कारण डाग मारून झाल्यावर ती नळी टेबलावरच दिसते आणि सगळं परत उसवावं लागतं. दर वेळी एकदा तरी माझं होतंच. टोकं समोरासमोर ठेवून तारा एकमेकांत गुंफा आणि पीळ द्या. गन तारेला खालून लावा, कथील वरून. तार तापली की कथील आपोआप आत शोषलं जातं. गनवर कथील वितळवून तारेवर ठिबकवलं तर वरून चमकणारा आणि आतून सुटा जोड मिळतो. मग नळी जोडावर सरकवून लायटरची आच लांबून फिरवा.

आणि चिकटपट्टी? एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत तिचा डिंक पातळ होतो, पट्टी सरकते, तार उघडी पडते. मामांच्या डॅशबोर्डमागच्या प्रत्येक जुन्या जोडाला तो काळा चिकटा होता, रॉकेलनं बोटं धुवावी लागली.

पिवळी बॅटरीतून नवीन ओढत असाल तर फ्यूज बॅटरीजवळ, वीतभर अंतरात हवा. तो टेपपाशी लावला तर मधली सगळी वायर बिनसंरक्षणाची राहते. पत्र्यातून जाताना भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराचं कडं, लागतंच. १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर नुसत्या टेपला पुरते. उडालेल्या फ्यूजला सिगारेटची चांदी गुंडाळायचा उद्योग मात्र करू नका.

निळी आणि निळी-पांढरी लागत नसतील तर प्रत्येकीचं टोक वेगवेगळं झाका. त्यांच्यावर टेप चालू असताना १२ व्होल्ट असतात.

एरियलची पिन मापात बसत नसेल तर अॅडॉप्टर मिळतो. जुनी एरियल केबल मीटरवर तपासा: मधल्या तारेचं एक टोक दांडीशी जुळलं पाहिजे आणि मधली तार बाहेरच्या जाळीशी अजिबात जुळायला नको. ९४.३ वर टोमॅटो एफएम शहरात खरखरलं तर दोष केबलचा. गगनबावड्याच्या घाटात खरखरलं तर दोष डोंगराचा, त्याला टेप काही करू शकत नाही.

आत ढकलायच्या आधी

बॅटरीची मायनस जोडा आणि टेप बाहेर लोंबत ठेवूनच चालवा. बॅलन्स डावीकडं, उजवीकडं, फेडर पुढं-मागं, प्रत्येक स्पीकर आपापल्या जागी बोलतो का बघा. चावी काढून परत लावा, स्टेशन लक्षात राहिलं पाहिजे. विसरत असेल तर पिवळी-लाल उलटी झालीय.

आता गाडी चालू करा. अॅक्सिलरेटर दाबल्यावर स्पीकरमधून शिट्टी चढत जात असेल तर तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज आहे. नव्वद टक्के वेळा म्हणणार नाही, पण माझ्या हातून गेलेल्या गाड्यांत दर वेळी कच्ची अर्थ हेच कारण निघालं. फिल्टर विकत घ्यायच्या आधी अर्थची जागा बदलून बघा. वेगळा अॅम्प्लिफायर असेल तर त्याची पॉवरची वायर गाडीच्या एका कडेनं आणि आवाजाची केबल दुसऱ्या कडेनं न्या. अर्थात ८०० मध्ये अॅम्प्लिफायर कशाला? मिरवणुकीतली डॉल्बी गाडीत आणायची नसेल तर टेपची ताकद पुरते.

ढकलताना वायरी टेपच्या वर किंवा कडेला येऊ देऊ नका, पिंजऱ्याची कड धारदार असते. सगळा जुडगा केबल टायनं बांधून मागच्या पोकळीत खाली बसवा, भोवती फोमचा तुकडा गुंडाळा. मागचा आधाराचा बोल्ट लावाच. नाहीतर टेप पुढच्या चौकटीवर लोंबकळत राहतो आणि खड्ड्यागणिक खडखडतो.

शेवटी बॅटरी. सगळं बंद करून, मीटर १० अँपिअरवर ठेवून, बॅटरीची मायनस आणि तिची वायर यांच्यामध्ये जोडा. पाच मिनिटांनी वाचा. ०.०५ च्या आत असेल तर निवांत झोपा. अर्धा अँपिअर जात असेल तर ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी गणितानं ७० तासांत रिकामी होते, आणि सेल्फ मारायची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. मीटर असं जोडलेलं असताना दार उघडू नका, चावी तर फिरवूच नका.

मामांच्या गाडीत ०.१८ आले. टेपची पिवळी सोडली तरी आकडा हलेना. मग एकेक फ्यूज काढत गेलो. शेवटी सापडलं: डिक्कीतला दिवा, झाकण बंद असतानाही पेटलेला. कधीपासून कुणास ठाऊक. मामा म्हणाले, "म्हणून दर दोन वर्षांनी बॅटरी बदलतोय होय मी!"